एआरएम६४ प्रोसेसरसाठी लिनक्स कर्नल कॉन्फिगर करताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, सोर्स एकच असतो. त्याच सोर्समधून फोनच्या चिपसाठी, पीसीसाठी आणि सर्व्हरसाठी वेगवेगळे कर्नल तयार होतात. फरक पडतो तो कॉन्फिगरेशनमुळे. पर्यायांची संख्या दहा हजारांच्या पुढे आहे, त्यामुळे पहिल्यांदा मेन्यू उघडणारा माणूस दडपून जातो. मग तो काहीच बदलत नाही, नाहीतर नाव ओळखीचं नाही म्हणून दिसेल ते बंद करत सुटतो. हातात नीट क्रम असेल तर या दोन्हींची गरज पडत नाही.

इथे आपण साध्या एक्स८६ पीसीवर बसून ६४-बिट एआरएम प्रोसेसरसाठी कर्नल कॉन्फिगर करणार आहोत. हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. बिल्ड करणारं, म्हणजे सोर्सपासून कर्नल तयार करणारं मशीन एका आर्किटेक्चरचं (प्रोसेसरच्या जातीचं) आणि कर्नल दुसऱ्या आर्किटेक्चरचा असला की एरवी झाकून राहणारे प्रश्न समोर येतात. ते एकदा कळले की रिस्क-व्ही किंवा पॉवरपीसीसाठीही हाच रस्ता चालतो.

कमांड आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. व्हेरिएबल आणि पर्यायांची नावं मोठ्या अक्षरांत, बाकी सगळं लहान अक्षरांत.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. मेन्यूत तुम्ही जे मागता आणि शेवटी कॉन्फिग फाइलमध्ये जे उरतं, त्यात फरक पडू शकतो. मध्ये केकॉन्फिग नावाची यंत्रणा असते. ती प्रत्येक पर्यायाच्या अटी तपासते आणि अट पूर्ण होत नसेल तर तो पर्याय गुपचूप काढून टाकते. त्यामुळे बदल करणं हे अर्धंच काम आहे. बदल टिकला का, हे पाहणं हा उरलेला अर्धा भाग.

आधी लक्ष्य ओळखा

ज्या बोर्डवर (एआरएम चिप बसवलेल्या संगणकावर) कर्नल चालवायचा आहे, त्यावर सध्या कोणतंही लिनक्स चालत असेल तर तिथूनच माहिती गोळा करा. ‘यूनेम -एम’ने आर्किटेक्चर कळतं, ‘एलएससीपीयू’ने कोअरचं नाव कळतं. ‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल’ ही फाइल वाचली की बोर्डचं नाव मिळतं आणि तिच्याच शेजारच्या ‘कंपॅटिबल’ फाइलमध्ये चिपचं. चालू कर्नलची कॉन्फिग ‘/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड’मध्ये किंवा ‘/बूट’ फोल्डरमध्ये सापडली तर तीही जपून ठेवा. ‘एलएसमॉड’चं आउटपुटसुद्धा, म्हणजे चालू कर्नलने वेगळ्या फाइल्समधून उचललेल्या भागांची (मॉड्यूलची) यादी, एका फाइलमध्ये साठवा, पुढे उपयोगी पडेल.

एवढं हातात नसताना मेन्यू उघडू नका. कोअर कोणता आणि चिप कोणाची हेच माहीत नसेल, तर पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने द्यावी लागतील.

साधनं आणि दोन व्हेरिएबल

पीसीवर मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी, ओपनएसएसएल आणि एनकर्सेसच्या डेव्हलपमेंट फाइल्स लागतात. त्यांच्या जोडीला एआरएम६४चा क्रॉस कंपायलर, म्हणजे पीसीवर चालून एआरएम६४चा कोड तयार करणारा कंपायलर लागतो. डेबियन किंवा उबुंटूवर त्याच्या पॅकेजचं नाव ‘जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-ग्नू’ असं आहे. यातल्या ‘एआर्च’चं स्पेलिंग ए-ए-आर-सी-एच, म्हणजे सुरुवातीला दोन ‘ए’ येतात. कर्नलचा सोर्स कर्नल.ऑर्गवरून घ्या. पहिल्याच खेपेला अगदी ताज्या आवृत्तीच्या मागे लागू नका. दीर्घकाळ देखभाल मिळणारी, म्हणजे लाँगटर्म शाखा निवडा.

सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘आर्च’ नावाचं फोल्डर आहे. त्यात प्रत्येक आर्किटेक्चरचं वेगळं घर आहे: एक्स८६, एआरएम, एआरएम६४, रिस्कव्ही, पॉवरपीसी, एस३९०, लूंगआर्च आणि आणखी काही. ३२-बिट आणि ६४-बिट एआरएमची घरं वेगळी आहेत, याची नोंद घ्या. एआरएम६४ हे २०१२च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्ये आहे. त्याची रचना जुन्या ३२-बिट घरापेक्षा बरीच आटोपशीर आहे.

टर्मिनल उघडल्याबरोबर या दोन ओळी द्या:

एक्सपोर्ट आर्च=एआरएम६४
एक्सपोर्ट क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-ग्नू-

दुसऱ्या ओळीच्या शेवटची आडवी रेघ विसरू नका. या मजकुराच्या पुढे ‘जीसीसी’, ‘एलडी’ अशी नावं जोडूनच बिल्ड यंत्रणा साधनं शोधते.

‘एक्सपोर्ट’ करा असं मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. ही व्हेरिएबल प्रत्येक मेक कमांडला मिळाली पाहिजेत, कारण बिल्डचं फोल्डर ती लक्षात ठेवत नाही. समजा तुम्ही एआरएम६४ची कॉन्फिग तयार केली आणि दुसऱ्या दिवशी नव्या टर्मिनलमधून नुसतं ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ दिलंत. ‘आर्च’ सांगितलं नाही की मेक तुमच्या पीसीचं आर्किटेक्चर धरतं. मेन्यू एक्स८६चा उघडतो, दिसायला तसाच. सेव्ह करून बाहेर पडलात की एआरएम६४चे सगळे खास पर्याय फाइलमधून नाहीसे झालेले असतात आणि एररचा एक शब्दही दिसत नाही. शंका आली तर ‘.कॉन्फिग’ फाइल उघडून वरच्या ओळी वाचा. ‘लिनक्स/एआरएम६४’ असं लिहिलेलं असेल तर ठीक.

क्रॉस कंपायलरही बिल्डच्या वेळेपर्यंत थांबवून चालत नाही, तो कॉन्फिगरेशनच्या वेळीच हवा. ४.१८ आवृत्तीपासून केकॉन्फिग स्वतः कंपायलर चालवून पाहतं आणि त्याला काय जमतं त्यानुसार काही पर्याय दाखवतं किंवा लपवतं. पॉइंटर ऑथेंटिकेशनसारखे सुरक्षेचे पर्याय यात मोडतात. कंपायलर बदलला तर तीच कॉन्फिग थोडी वेगळी होऊ शकते.

बिल्ड सोर्सपासून वेगळ्या फोल्डरमध्ये करायचं असेल तर प्रत्येक मेक कमांडला ‘ओ=’ आणि पुढे फोल्डरचा पत्ता द्या. एकाच सोर्समधून दोन आर्किटेक्चरसाठी काम करणाऱ्याने तर हे करायलाच हवं. सोर्स फोल्डर मात्र स्वच्छ असावं लागतं. नसेल तर ‘मेक एमआरप्रॉपर’ ते साफ करतं. त्यात जुनी ‘.कॉन्फिग’ही पुसली जाते, म्हणून आधी तिची प्रत काढा.

पाया कोणता घ्यायचा

कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नये. एआरएम६४साठी मूळ कर्नलमध्ये एकच सर्वसाधारण पाया आहे:

मेक डेफकॉन्फिग

ही कॉन्फिग बऱ्याच कंपन्यांच्या चिपना एकदम सामावून घेते. त्यामुळे ती मोठी आहे आणि बिल्डला वेळ लागतो, पण तिच्यावर बोर्ड सुरू होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ३२-बिट एआरएममध्ये असा एकच पाया नाही. तिथे ‘मल्टी_व्ही७_डेफकॉन्फिग’सारख्या बऱ्याच फाइल्स आहेत आणि त्यातली आपल्या प्रोसेसरच्या पिढीला जुळणारी निवडावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे बोर्डवर चालू असलेल्या कर्नलची कॉन्फिग. ती ‘.कॉन्फिग’ नावाने आणून ठेवा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ द्या. नव्या आवृत्तीत जे पर्याय वाढले असतील त्यांना मूळ ठरलेली मूल्यं मिळतात, तुमची आधीची उत्तरं तशीच राहतात. वितरणाकडून (डेबियन, उबुंटूसारख्या) आलेल्या कॉन्फिगमध्ये एक खोड आढळते. ‘कॉन्फिग_सिस्टम_ट्रस्टेड_कीज’मध्ये त्यांच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा पत्ता असतो. ती फाइल तुमच्याकडे नसते आणि बिल्ड मध्येच थांबतं. घरच्या बिल्डसाठी ते मूल्य रिकामं करा.

‘लोकलमॉडकॉन्फिग’ची वाट लहान कर्नल हवा असणाऱ्यांसाठी आहे. ती ‘एलएसमॉड’च्या यादीत नसलेले मॉड्यूल बंद करते. क्रॉस बिल्डमध्ये बोर्डवरून साठवलेली यादी ‘एलएसमॉड=’ या व्हेरिएबलने द्यायची, नाहीतर ती पीसीचीच यादी वाचेल. यादी घेताना जोडलेलं नव्हतं त्या यंत्राचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये नसेल, हेही ध्यानात असू द्या. नवख्यांनी पहिला कर्नल डेफकॉन्फिगवर चालवून पाहावा आणि मगच छाटणीला हात घालावा, असं माझं मत आहे.

मेन्यू वाचायला शिका

‘मेक मेन्यूकॉन्फिग’ दिल्यावर पर्यायांसमोर खुणा दिसतात. ताऱ्याची खूण म्हणजे तो भाग कर्नलच्या आतच बसणार. ‘एम’ म्हणजे वेगळं मॉड्यूल होणार. रिकामा कंस म्हणजे बंद. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा असतील तर दुसऱ्या कुठल्या तरी पर्यायाने तो जबरदस्तीने चालू केला आहे आणि तुम्हाला तो इथून बंद करता येणार नाही.

या मेन्यूतली सगळ्यात उपयोगी कळ तिरक्या रेघेची आहे. ती दाबून पर्यायाचं नाव शोधा. तो कुठल्या मेन्यूत आहे, सध्या त्याचं मूल्य काय, तो कशावर अवलंबून आहे आणि त्याला कोण ओढून आणतं, सगळं एका पडद्यावर दिसतं. ‘डिपेंड्स ऑन’ आणि ‘सिलेक्टेड बाय’ या दोन ओळी नीट वाचायची सवय लावून घ्या. शोधलेला पर्याय मेन्यूत दिसतच नाही, या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्या ओळीत असतं. बंद केलेला पर्याय पुन्हा चालू का होतो, याचं उत्तर दुसरीत. ‘झेड’ दाबलं की लपलेले पर्यायही दिसू लागतात.

मेन्यूशिवाय एखादाच पर्याय बदलायचा असेल तर ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ ही स्क्रिप्ट आहे. तिला ‘--एनेबल’, ‘--डिसेबल’ किंवा ‘--मॉड्यूल’ सांगून पुढे पर्यायाचं नाव द्यायचं. पण ती फक्त फाइलमधला मजकूर बदलते, अटी तपासत नाही. तिच्यानंतर ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ दिलंच पाहिजे.

एआरएम६४चे खास निर्णय

‘प्लॅटफॉर्म सिलेक्शन’ या मेन्यूत चिपच्या घराण्यांची यादी आहे: रॉकचिप, ब्रॉडकॉम, ऑलविनर, क्वालकॉम वगैरे. आपलं घराणं चालू ठेवून बाकीची बंद केली की त्यांच्यावर अवलंबून असलेले शेकडो ड्रायव्हर आपोआप गळून पडतात. ड्रायव्हर एकेक करून छाटण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. इथेच आपलं घराणं चुकून बंद झालं तर घड्याळ, पिन, मेमरी कार्ड अशा सगळ्यांचे ड्रायव्हर एकदम जातात आणि बोर्डवर कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी डिव्हाइस ट्री फाइलही तयार होत नाही. क्यूएमू या अख्ख्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या ‘व्हर्ट’ मशीनला यातलं काही लागत नाही.

‘कर्नल फीचर्स’ मेन्यूतला मेमरी पेजचा, म्हणजे मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते त्यांचा, आकार हा सगळ्यात दूरगामी निर्णय. एक्स८६वर मूळ पेज ४ केबीचंच असतं, हा प्रश्नच येत नाही. एआरएम६४वर ४, १६ आणि ६४ केबी असे तीन पर्याय आहेत आणि यातला एकच कर्नल बिल्ड करताना पक्का होतो. मोठ्या पेजमुळे पत्त्यांच्या भाषांतराचं काम कमी होतं, मोठ्या मेमरीच्या सर्व्हरवर वेग वाढू शकतो. उलट छोट्या छोट्या फाइल्स आणि प्रोसेस असतील तर मेमरी वाया जाते, कारण एक बाइट लागली तरी अख्खं पेज द्यावं लागतं.

प्रत्येक प्रोसेसर तिन्ही आकार मानत नाही, ही खरी अडचण. कॉर्टेक्स-ए५३ आणि कॉर्टेक्स-ए७२ हे कोअर ४ आणि ६४ केबी मानतात, १६ नाही. ॲपलच्या एम१ला १६ चालतं, ६४ नाही. न मानणारा आकार निवडला तर कर्नल अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच थांबतो, सिरियल कन्सोल (केबलवरून बोर्डचे संदेश दाखवणारी जोडणी) सुरू होण्याच्याही आधी. मग दिवसभर केबल तपासत बसण्याची वेळ येते. प्रोसेसर आकार मानत असला तरी प्रोग्राम मानतीलच असं नाही. ४ केबी गृहीत धरून बिल्ड केलेली जेमॅलॉक लायब्ररी मोठ्या पेजवर चालायला नकार देते. सबळ कारण नसेल तर ४ केबीवरच राहा.

पेजच्या आकाराशी पत्त्याच्या बिट जोडलेल्या आहेत. ४ केबी पेजसोबत ३९ बिट घेतल्या तर ५१२ जीबीचा आभासी पत्ता मिळतो आणि पेज टेबलचे (आभासी पत्त्यावरून खरा पत्ता सांगणाऱ्या तक्त्याचे) तीन स्तर लागतात. ४८ बिटला २५६ टीबी आणि चार स्तर. छोट्या बोर्डला ३९ पुरतात, पण ४८ ठेवल्याने काही बिघडत नाही. ५२ बिट निवडूनही प्रोसेसरला ते जमत नसेल तर कर्नल स्वतःच ४८वर येतो.

त्याच भागात ‘एआरएम एराटा’ची लांबलचक यादी आहे. हे प्रोसेसरमधल्या ज्ञात दोषांवरचे उपाय. नावांपुढे फक्त आकडे दिसतात, त्यामुळे अनेकांना तो कचरा वाटतो आणि ते यादी साफ करून टाकतात. कृपया असं करू नका. बहुतेक उपाय बूटच्या वेळी प्रोसेसर ओळखून, गरज असेल तरच लागू होतात. दोष नसलेल्या कोअरवर त्यांचा भार जवळजवळ नसतो. काही उपाय मात्र बिल्डपासूनच लागतात, जसा कॉर्टेक्स-ए५३चा ८४३४१९ क्रमांकाचा दोष, ज्यासाठी लिंकरला (कोडचे तुकडे एकत्र जोडणाऱ्या साधनाला) वेगळी सूचना द्यावी लागते. असा उपाय काढला तर सहजासहजी सापडणार नाही अशी गडबड मागे लागते. कधीतरी, कुठेतरी, कारण नसताना कोसळणारा कर्नल.

‘एआरएमव्ही८.१’, ‘८.३’, ‘८.५’ अशा नावांचे उपमेन्यूही चालूच ठेवा. जुन्या कोअरवर ते निरुपयोगी ठरतात, घातक नाही. क्षमता आहे का, हे कर्नल बूट होताना तपासतो आणि त्याप्रमाणे स्वतःचा कोड बदलून घेतो. म्हणूनच ‘माझ्या कोअरचं नाव कुठे निवडायचं’ या प्रश्नाला एआरएम६४च्या मेन्यूत जागाच नाही. रिस्क-व्हीमध्येही बरेच विस्तार बूटच्या वेळी ओळखले जातात. पण तिथे ‘सी’ विस्तार, म्हणजे आखूड सूचनांचा संच, कॉन्फिगमध्ये चालू असेल तर कर्नलचा कोडच त्या सूचनांत तयार होतो आणि तो विस्तार नसलेल्या प्रोसेसरवर चालत नाही. कुठली गोष्ट बूटच्या वेळी ठरते आणि कुठली बिल्डच्या वेळी कायमची गोठते, हा प्रश्न कुठल्याही नव्या आर्किटेक्चरकडे जाताना सगळ्यात आधी विचारावा.

३२-बिट प्रोग्राम चालवायचे असतील तर ‘कॉन्फिग_कंपॅट’ लागतं. काही नव्या कोअरमधून ३२-बिटची सोय हार्डवेअरमधूनच काढली आहे, तिथे याचा उपयोग नाही.

आत काय बसवायचं

मॉड्यूल डिस्कवर असतात आणि डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हरच मॉड्यूल केला आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळी मेमरीत चढवली जाणारी तात्पुरती फाइल सिस्टम) वापरत नसाल, तर कर्नल ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून थांबतो. म्हणून मेमरी कार्डचा किंवा एनव्हीएमईचा ड्रायव्हर, रूटची, म्हणजे बोर्डची मुख्य, फाइल सिस्टम आणि त्यांना लागणारे घड्याळ व वीजपुरवठ्याचे ड्रायव्हर ताऱ्याने चालू करा. ‘डेव्हटीएमपीएफएस’ (‘/डेव्ह’मधल्या यंत्रांच्या फाइल्स तयार करणारी फाइल सिस्टम) आणि ते आपोआप माउंट करण्याचा पर्यायही घ्या.

सिरियल कन्सोल तर हवाच. चिपप्रमाणे तो पीएल०११ असतो, ८२५० घराण्यातला असतो किंवा वेगळाच. ड्रायव्हर आत बसवा, त्याच्या खालचा ‘कन्सोल’ असं नाव असलेला वेगळा पर्यायही चालू करा आणि बूट ओळीत (बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या ओळीत) ‘अर्लीकॉन’ घाला. बोर्ड गप्प बसला तर बोलायला तेवढंच एक तोंड उरतं.

आणखी दोन: ‘कॉन्फिग_आयकेकॉन्फिग’ आणि ‘कॉन्फिग_आयकेकॉन्फिग_प्रॉक’. यांनी कॉन्फिग कर्नलच्या आतच साठवली जाते आणि चालू मशीनवरून परत काढता येते. काही केबी खर्च होतात, ते जरूर करा. ‘लोकलव्हर्जन’मध्ये स्वतःची छोटी खूण घाला, म्हणजे कोणता कर्नल चालू आहे ते ‘यूनेम -आर’ सांगेल.

बिल्ड आणि पहिली चाचणी

मेक -जे८ इमेज मॉड्यूल्स डीटीबीज

‘जे’पुढचा आकडा तुमच्या पीसीच्या कोअरप्रमाणे द्या. ‘इमेज’चं पहिलं अक्षर मोठं. तयार कर्नल ‘आर्च/एआरएम६४/बूट/इमेज’ इथे मिळतो आणि डिव्हाइस ट्री त्याच्याच शेजारी ‘डीटीएस’ फोल्डरमध्ये, कंपनीच्या नावाखाली. मॉड्यूल बसवताना ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ला ‘इन्स्टॉल_मॉड_पाथ=’ने बोर्डच्या रूटचा पत्ता द्या, नाहीतर ते तुमच्या पीसीच्याच फोल्डरात जाऊ पाहतील.

बोर्डला हात लावण्याआधी क्यूएमूत चालवून पाहा:

क्यूएमू-सिस्टम-एआर्च६४ -एम व्हर्ट -सीपीयू कॉर्टेक्स-ए५३ -एम १०२४ -नोग्राफिक -कर्नल आर्च/एआरएम६४/बूट/इमेज -अपेंड "कन्सोल=टीटीवायएएमए०"

यात पहिला ‘एम’ मोठा आणि दुसरा लहान, ‘टीटीवाय’ लहान अक्षरांत आणि ‘एएमए’ मोठ्या. डिस्क दिलेली नाही, म्हणून शेवटी रूट न सापडल्याचा पॅनिक (कर्नल थांबल्याचा संदेश) येईल. तो आला म्हणजे कर्नल सुरू झाला, मेमरी आणि कन्सोल चालले. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स. प्लॅटफॉर्मची यादी छाटल्याचा परिणाम मात्र इथे दिसणार नाही, त्यासाठी खरा बोर्डच लागतो. त्यावर आधीचा चालणारा कर्नल पुसू नका, नवा वेगळ्या नावाने शेजारी ठेवा.

बदल जपून ठेवणं

अख्खी ‘.कॉन्फिग’ साठवली तर सहा महिन्यांनी त्यातला तुमचा निर्णय कुठला आणि आपोआप आलेलं काय, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. म्हणून फक्त आपले बदल एका छोट्या फाइलमध्ये लिहा, प्रत्येकावर कारणाची एक ओळ देऊन. मग डेफकॉन्फिगवर ती अशी चढवा:

स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग/मर्ज_कॉन्फिग.एसएच .कॉन्फिग माझे.कॉन्फिग

मागितलेला एखादा पर्याय अंतिम फाइलमध्ये आला नाही तर ही स्क्रिप्ट त्याचं नाव घेऊन, काय मागितलं आणि काय मिळालं हे दाखवते. सुरुवातीला सांगितलेली तपासणी इथे आयती मिळते. इशारा आला की तो पर्याय मेन्यूत शोधा, ‘डिपेंड्स ऑन’ वाचा आणि हरवलेली अट त्याच फाइलमध्ये जोडा.

नव्या आवृत्तीवर जाताना जुनी ‘.कॉन्फिग’ नव्या सोर्समध्ये आणून आधी ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ द्या. नवे पर्याय कोणते आले ते दिसतील. त्यातले एआरएम६४चे, तुमच्या चिपचे आणि डिस्कचे तेवढे वाचा. नंतर ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ आणि शेवटी ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग .कॉन्फिग.ओल्ड .कॉन्फिग’. नाहीशा झालेल्या पर्यायांपुढे वजाची खूण असेल, त्या ओळी सगळ्यात आधी पाहा. नाव बदललेला पर्याय केकॉन्फिगला सहसा ओळखता येत नाही आणि त्यासोबत तुमचा ड्रायव्हरही गेलेला असू शकतो.